पहिली तलवार घेण्याआधी: लाँगस्वर्ड शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला उत्तर

तुम्ही लिहिलंय की म्युनिकला मास्टर्ससाठी येऊन सहा महिने झाले, तीन महिन्यांपासून लाँगस्वर्डच्या, म्हणजे दोन हातांनी चालवायच्या लांब सरळ युरोपीय तलवारीच्या, वर्गाला जाताय, उंची १६८ सेंटीमीटर आहे आणि पार्टटाइम कामातून ५०० युरो बाजूला काढलेत. आता स्वतःची पहिली तलवार घ्यायची आहे. लाकडी घेऊ, नायलॉनची घेऊ की थेट स्टीलची फेडर, म्हणजे सरावाची बोथट तलवार, हा तुमचा मुख्य प्रश्न. ‘जड घे, म्हणजे मनगट तयार होईल’ असं एकाने सांगितलं ते खरं का, आणि शाळेत असताना कोल्हापुरात चार वर्षं लाठी आणि दांडपट्टा केला त्याचा इथे काही उपयोग आहे का, हेही विचारलंय.

मी जर्मनीत चौदा वर्षं ही जुनी युरोपीय तलवारबाजी करते आहे आणि गेली आठ वर्षं नवख्यांचा वर्ग घेते. दर सहामाहीला एक तरी मुलगा किंवा मुलगी वर्ग संपल्यावर थांबून हेच विचारते. त्यामुळे माझं उत्तर अनुभवातून आलेलं आहे, पण ते लाँगस्वर्ड शिकवणाऱ्याचं उत्तर आहे हे लक्षात ठेवा. रेपियर या एका हाताच्या बारीक तलवारीवाल्याला विचाराल तर काही गोष्टी तो वेगळ्या सांगेल, आणि त्याचंही बरोबर असेल.

आधी सरळ सांगते: या ५०० युरोंत तलवार घेऊ नका. मास्क आणि हातमोजे घ्या, गळ्याचं संरक्षण घ्या, आणि तलवार आणखी एक सहामाही क्लबाचीच वापरा.

तुमचा हिरमोड होईल याची मला कल्पना आहे. पहिली तलवार हातात येण्याची ओढ मीही अनुभवली आहे. पण तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न मला असा दिसतो: येत्या वर्षभरात तुम्हाला जास्तीत जास्त वेळा, जास्तीत जास्त वेगवेगळ्या माणसांसमोर उभं राहता यावं, आणि त्यात तुमचंही बोट शाबूत राहावं आणि त्यांचंही. सरावाची तलवार आपण विकत घेतो, पण तिचा मार खातो तो समोरचा. म्हणून ती निवडताना ‘माझ्या हाताला कशी वाटते’ याच्याआधी ‘समोरच्याला लागली तर काय होईल’ हे बघायचं. आणि तुमच्यासमोर उभ्या राहणाऱ्याची तलवार कशी असेल हे तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात असतात ते तुमचे हातमोजे.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. तेव्हा आम्ही बहुतेक नायलॉनच्या तलवारी वापरायचो आणि नायलॉनच आहे म्हणून हातात पातळ चामड्याचे, वरून थोडा फोम लावलेले हातमोजे घालायचो. मी डोक्यावरून आडवा वार करत होते, त्याला जर्मन परंपरेत त्स्वेर्चहाउ म्हणतात. त्यात मूठ फिरवून अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर खाली टेकवावा लागतो. समोरच्या मैत्रिणीचा वार फार जोराचा नव्हता, पण तो नेमका त्या अंगठ्यावर आला. टच असा बारीक आवाज आला. मला आधी वाटलं तलवारीचाच आवाज आहे. हातमोजा काढला तेव्हा अंगठ्याच्या वरच्या पेराचा रंग बदलायला लागला होता. सहा आठवडे पट्टी होती, ऑफिसात एका हाताने टाइप केलं, घरी पोळ्या लाटणं बंद. ती मैत्रीण मात्र पुढे सहा महिने माझ्याबरोबर खेळताना हात आखडता घ्यायची, आणि त्यात तिचा खेळ बिघडला. इजा एकाला होते आणि सराव दोघांचा जातो, हे मी तेव्हा शिकले.

म्हणून हातमोज्यांवर सगळ्यांत जास्त पैसे घाला. लाँगस्वर्डमध्ये दोन्ही हात पुढे असतात, आणि समोरच्याला सगळ्यांत जवळ सापडतं ते तुमचं बोट. स्टीलशी खेळायचं तर हॉकीचे किंवा लॅक्रॉसचे हातमोजे पुरत नाहीत. बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्याच्या बाजूने कडक कवच हवं. पाच सुट्या बोटांचे मिळतात तसे दोन-तीन बोटं एकत्र झाकणारेही मिळतात. एकत्र बोटांचे जास्त सुरक्षित, पण त्यात मुठीवरची पकड बदलणं सुरुवातीला अवघड जातं. माझा कल नवख्यांसाठी एकत्र बोटांच्या हातमोज्यांकडे आहे. घेताना क्लबातल्या तीन जणांचे घालून बघा, हातात तलवार धरून बघा, आणि अंगठा पात्यावर टेकवता येतो का ते बघा. टेकवता येत नसेल तर तो जोड कितीही चांगला असो, तुमच्या कामाचा नाही. चांगल्या जोडाला साधारण १५० ते २५० युरो धरून चाला.

मास्क स्पोर्ट फेन्सिंगचाच असतो. त्याच्यावर ३५० किंवा १६०० असा न्यूटनचा आकडा असतो. टोचण्याला कापड आणि गळ्यापाशी येणारी झालर किती टिकते याचा तो अंदाज. १६०० चा घ्या. पण एक गोष्ट विसरू नका: तो मास्क ज्या खेळासाठी बनलाय त्यातली एपे ही तलवार नियमाने जास्तीत जास्त ७७० ग्रॅमची असते. आपली फेडर तिच्या जवळपास दुप्पट आणि दोन हातांनी चालवलेली. शिवाय त्या खेळात डोक्याच्या मागे सहसा फटका बसत नाही, आपल्यात अंग वळलं की बसतो. म्हणून मास्कवर चढवायचं जाड आवरण आणि डोक्याच्या मागचं कवच वेगळं घ्यावं लागतं. गळ्याचा कडक पट्टाही लगेच घ्या, तो स्वस्त असतो आणि तो नसताना मी कुणालाही टोकाने खुपसण्याचा सराव करू देत नाही. एवढं घेऊन तुमच्याकडे शंभरेक युरो उरतील. त्यात कोपर, गुडघे आणि जांघेचं संरक्षण बसतं. जाड जॅकेट बहुतेक क्लबांत उसनं मिळतं. तुमच्या मापाचं मिळत नसेल, तर मग तलवारीच्याही आधी जॅकेट.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. क्लब तलवारी उसन्या देतच नसेल, तर माझा सगळा क्रम बदलतो. तुमचा वर्ग सहा महिने फक्त जोडीने ठरलेले डाव करणारा असेल आणि मोकळा खेळ नसेल, तर मास्क आणि मध्यम हातमोजे घेऊन तलवारीकडे लवकर वळता येईल. तुम्ही दोन वर्षांनी जर्मनी सोडणार असाल तर जुनं सामान विकत घेणं शहाणपणाचं. क्लब सोडणारी माणसं चांगल्या वस्तू निम्म्या किमतीत देऊन जातात. मास्क मात्र जुना घेऊ नका. जाळीला आतून पडलेला खड्डा किंवा गंज बाहेरून कळत नाही.

आता तलवारींकडे येते, कारण सहा महिन्यांनी तुम्ही घेणारच आहात.

लाकूड, नायलॉन आणि स्टील यांत फरक किमतीचा आहे असं बहुतेकांना वाटतं. मला त्यातला मोठा फरक सवयीचा वाटतो. जे हत्यार हातात असतं ते तुम्हाला काहीतरी शिकवतच असतं, तुमचं लक्ष असो वा नसो.

एक प्रसंग घ्या. तुम्ही उजव्या खांद्यावरून तिरका, उतरता वार करता. हा त्सोर्नहाउ, तुम्ही पहिल्या महिन्यातच शिकला असाल. समोरचाही तसाच करतो. दोन्ही पाती मध्ये भिडतात आणि क्षणभर चिकटून राहतात. त्या क्षणभरात पात्यातून तुमच्या तळहातापर्यंत एक बातमी येते: समोरचा जोर लावतोय की ढिला आहे? त्याचं पातं तुमच्या पात्याच्या मुठीकडच्या बळकट भागावर आहे की टोकाकडच्या दुबळ्या भागावर? ढिला असेल तर तिथूनच सरळ टोक चेहऱ्याकडे सोडायचं. तो कडक दाबत असेल तर त्याच्याशी झोंबायचं नाही, त्याचा जोर त्यालाच वाहून नेऊ द्यायचा आणि आपण दुसऱ्या बाजूने जायचं. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिश्टेनाउअर या जर्मन उस्तादाच्या परंपरेत याला ‘फ्यूलेन’ म्हणजे जाणवणं म्हणतात, आणि ते जाणवल्याबरोबर, त्याच क्षणात करायच्या हालचालीला ‘इन्डेस’. न्यूरेंबर्गला एक जुनी वही जपून ठेवलेली आहे, साधारण १३८९ च्या सुमाराची मानतात. तिच्यात आघाडी कुणाकडे आहे आणि मागे कोण पडलाय यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या सगळ्या विद्येचा गाभा म्हणजे हा पात्यांचा स्पर्श.

नायलॉनमध्ये हा स्पर्श मिळत नाही. दोन नायलॉनची पाती आपटली की उसळतात, किंवा साबणासारखी एकमेकांवरून घसरतात. मग माणूस नकळत भिडणं टाळायला शिकतो आणि पटापट हातावर, डोक्यावर टपल्या मारायला लागतो. शिवाय ती तलवार स्टीलपेक्षा हलकी, म्हणून वेग फसवा येतो. अशा सवयीचा माणूस स्टीलकडे आला की पहिले दोन-तीन महिने जुनं विसरण्यात जातात. नायलॉन वाईट नाही. साठ-सत्तर युरोंत येते, गंजत नाही, मोठ्या वर्गाला पुरते, आणि पावलांचा, अंतराचा सराव तिच्याने उत्तम होतो. फक्त ‘नायलॉनच आहे, लागत नाही’ हे मनातून काढून टाका. माझा अंगठा तिनेच मोडला.

लाकडी तलवार मला एकट्याच्या सरावासाठी आवडते. तिला वजन असतं, हातात भरते. पण ती वाकत नाही, आणि टोकाने खुपसायच्या डावात न वाकणारं हत्यार म्हणजे काठीने छातीत ढुसणी. पाती भिडली की लाकडाच्या कडा चेपतात, मग कपच्या निघतात. हिकरी किंवा ॲशची घेतलीत तरी जोडीने मोकळा खेळ तिच्याने करू नका.

तुमच्या वडिलांनी घरातली शोभेची तलवार पाठवू का म्हणून विचारलंय, त्याबद्दल मात्र ठाम सांगते, नको. भिंतीवरच्या तलवारी बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि मुठीच्या आत पात्याचा फक्त बोटाएवढा बारीक दांडा गेलेला असतो, तोही पुष्कळदा जोडून. दहा वेळा आपटली की ती मुठीपाशी तुटते, आणि तुटलेलं पातं खोलीत कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

राहिली फेडर. तिचा आकार तुम्ही पाहिलाय: मुठीच्या आडव्या दांडीपुढे, म्हणजे आपल्याकडे ज्याला परज म्हणतात त्याच्यापुढे, पात्याला दोन्ही बाजूंनी पाकळ्यांसारखी रुंदी, आणि मग पातं एकदम अरुंद होऊन टोकापर्यंत जातं. हा आजच्या कारखान्यांचा शोध नाही. योआखिम मायरने १५७० मध्ये स्ट्रासबर्गला छापलेल्या ग्रंथातल्या चित्रांत विद्यार्थी हीच तलवार घेऊन उभे आहेत. तेव्हा शहराशहरांत तालमी होत्या. फ्रँकफुर्टच्या ‘मार्क्सब्रुडर’ या संघाला सम्राट तिसऱ्या फ्रीडरिशने १४८७ मध्ये सनद दिली होती. रोज सराव करायचा, बक्षिसासाठी खेळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचं, अशा लोकांनी घडवलेलं हे हत्यार आहे. पात्याची कड बोथट आणि जाड. पुढचा भाग बारीक, म्हणून टोक लागलं की पातं वाकतं. वजन मुठीकडे, म्हणून फटका हलका बसतो. आणि त्या पाकळ्या पात्यावर टेकवलेल्या अंगठ्याला आडोसा देतात. माझ्या अंगठ्याच्या वेळी हातात फेडर असती तर कदाचित तो वाचला असता.

आता जड तलवारीचं. ज्याने तुम्हाला सांगितलं त्याचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. जुन्या खऱ्या लाँगस्वर्ड बहुतेक सव्वा ते पावणेदोन किलोच्या आसपास आहेत, आणि आजच्या फेडर साधारण १,३०० ते १,६०० ग्रॅमच्या. दोन किलोची घेतलीत तर मनगट तयार होण्याआधी कोपराचा स्नायूबंध दुखायला लागेल, वार वेळेवर थांबवता येणार नाही, आणि थांबला नाही की तो समोरच्याच्या डोक्यात जाईल. ताकद हवी असेल तर जोर-बैठका काढा, दोरीवर चढा. ती ताकद जास्त टिकते.

खरं तर नुसत्या वजनापेक्षा ते वजन कुठे आहे हे महत्त्वाचं. तलवार एका बोटावर आडवी तोलून बघा. परजेपासून पाच ते दहा सेंटीमीटरवर तोल असेल तर ती नवख्याला मानवते. १,३०० ग्रॅमची पण तोल तेरा सेंटीमीटरवर असलेली तलवार हातात आळशी वाटते आणि लागते मात्र जोरात. त्यापेक्षा १,४५० ग्रॅमची, सात सेंटीमीटरवर तोल असलेली बरी. दुकानाच्या पानावर वजन मोठ्या अक्षरांत असतं आणि तोल पुष्कळदा दिलेलाच नसतो, विचारून घ्या.

लांबीसाठी मी पंधराव्या शतकाच्या शेवटी उर्बिनोच्या ड्यूकसाठी लिहिणाऱ्या फिलिप्पो वादीचं माप वापरते: टोक जमिनीला टेकवून तलवार उभी धरली की मुठीच्या टोकाचा गोळा काखेखाली यावा. १६८ सेंटीमीटर उंचीला हे साधारण १२५ ते १२८ सेंटीमीटर भरेल. बाजारात १३० ते १३५ च्याच जास्त दिसतात, कारण स्पर्धांत जास्त पोच असलेली बरी वाटते. पण लांब तलवारीने तुम्ही दूर उभं राहायला शिकता, आणि पाती भिडल्यावर आत शिरण्याचं धाडस वाढत नाही. पहिली तलवार तुमच्या अंगाच्या मापाची घ्या. मूठ मात्र थोडी लांब असू द्या, दोन्ही हातमोज्यांनिशी दोन्ही हात मावले पाहिजेत आणि मध्ये थोडी जागा उरली पाहिजे. तीच तरफ. हात एकमेकांना चिकटले की टोक वळवायला खांदे लागतात, अंतर असलं की नुसता मागचा हात ओढला तरी टोक वळतं.

आणि ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही ती गोष्ट, पात्याचा लवचीकपणा. हा तुम्ही स्वतः मोजू शकता. स्वतःचं वजन करायचा काटा जमिनीवर ठेवा, त्यावर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तलवारीचं टोक. मूठ वरून सरळ खाली दाबत जा. सुरुवातीला आकडा भराभर वाढतो, मग एका क्षणी पातं कमानीसारखं झुकतं आणि आकडा जवळजवळ थांबतो. तोच आकडा बघायचा. पातं एकदा वाकलं की त्यापुढे हळूहळू कितीही दाबा, समोरच्या छातीवर येणारा भार त्याच्या फार वर जात नाही. आमच्या वर्गात मी दहा-बारा किलोपर्यंतची तलवार मोकळ्या खेळाला चालवून घेते. पंधराच्या वर गेली तर ती नुसत्या ठरलेल्या डावांसाठी. फार मऊही नको; सहा-सात किलोचं पातं भिडल्यावर गवतासारखं डोलतं आणि स्पर्शाची बातमी पुन्हा हरवते. टोक पुढे पसरट किंवा गुंडाळलेलं असावं आणि त्यावर रबरी टोपी, तीही भडक रंगाची, म्हणजे गळून पडली तर समोरच्याला दिसेल.

करून देणारे कारागीर हंगेरी, पोलंड, चेकिया इथे बरेच आहेत. रेगेन्येई या हंगेरियन कारागिराच्या फेडर तुम्हाला क्लबाच्या रॅकवर सापडतीलच, तशी स्पेस या पोलिश कंपनीची जॅकेटं. मी एकाच नावाचा आग्रह धरत नाही. स्प्रिंग स्टीलचं पातं आहे का, लवचीकपणाचा आकडा देतात का, पातं तुटलं तर काय करतात, हे तीन प्रश्न विचारा. ऑर्डरनंतर बनवतात, त्यामुळे आठवडे ते महिने थांबायची तयारी ठेवा. तुम्ही आत्ता संरक्षण घेऊन पुढच्या सहामाहीत तलवार मागवलीत तर हा वेळ आपोआप जुळतो.

हातात आल्यावर पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. प्रत्येक खेळानंतर मी जुना पातळ नायलॉनचा मोजा हातात घेते आणि दोन्ही कडांवरून परजेपासून टोकापर्यंत हळू फिरवते. जिथे मोजा अडकतो तिथे कडेला बारीक काटा उठलेला असतो. स्टीलवर स्टील आपटलं की असे काटे येणारच. बारीक कानसने तो सपाट करायचा, मग पॉलिशपेपर, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात. हे न केलेल्या तलवारीने मी एका मुलाच्या जॅकेटची बाही वीतभर फाडली जाताना बघितली आहे, आणि बाहीच्या आत हात होता. काटे काढता काढता पातं उजेडात धरून बघा. पाकळ्यांच्या मुळाशी किंवा टोकाकडच्या एक-तृतीयांश भागात केसाएवढी रेघ दिसली तर ती तलवार त्याच दिवशी निवृत्त. पातं हळूहळू थोडं बाकदार होतं ते हाताने सरळ करता येतं, पण एका जागी कोपरासारखं मोडलेलं पातं सरळ केलं तरी तिथेच तुटणार. आणि घामेजलेले हातमोजे तलवारीच्या पिशवीत ठेवू नका, सकाळी पात्यावर बोटांच्या आकाराचा गंज सापडतो.

घरी सराव करायचा म्हणाल तर विद्यार्थ्यांच्या खोल्यांत छत अडीच मीटरच्या आसपास असतं. सव्वा मीटरची तलवार डोक्यावर उचलली की बल्ब गेलाच. तिथे नव्वद सेंटीमीटरचा झाडूचा दांडा पुरतो. बागेत स्टील काढू नका. धार नाही हे तुम्हाला माहीत असतं, बाकावर बसलेल्या आजींना माहीत नसतं, आणि त्या पोलिसांना फोन करतील. ट्रेनमध्ये नेताना बंद, शक्यतो कुलूप लागणाऱ्या पिशवीतच.

आता तुमच्या दांडपट्ट्याबद्दल. या भागाने मला मनापासून आनंद झाला, कारण मी सांगलीची आणि माझ्या काकांकडे लाठी शिकलेली आहे. उपयोग होईल का? होईल, पण तुम्हाला वाटतो त्या जागी नाही. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी आवरणात असतो, मनगट वळवता येत नाही, त्यामुळे सगळा वार खांदा, कंबर आणि पावलांतून काढावा लागतो. ही तुमची मोठी शिदोरी आहे. इथली मुलं वर्षभर नुसत्या हाताने वार करत राहतात आणि मी ओरडत राहते की पाऊल कुठे आहे. तुमचं पाऊल आपोआप येईल. लाठीने तुम्हाला दोन हातांची तरफ दिली आहे, तीही थेट कामाला येते.

अडचण दुसरीकडे आहे. पट्टा आणि लाठी आपण फिरवत राहतो, कारण चारही बाजूंनी येणाऱ्यांना दूर ठेवायचं असतं. हात थांबला की आपल्याभोवतीचं कडं तुटलं. लाँगस्वर्डच्या या परंपरेत समोर एकच माणूस आहे आणि जवळजवळ प्रत्येक वार एका पवित्र्यात, टोक समोरच्याकडे रोखून संपतो. तुमचा हात वर्तुळ पूर्ण करायला जाईल, आणि त्या अर्ध्या वर्तुळात समोरचा टोक घेऊन आत येईल. पहिले सहा महिने तुम्हाला याचाच मार खावा लागेल. आपलं शिक्षण चुकीचं होतं असं तेव्हा वाटू देऊ नका. ते वेगळ्या लढाईसाठी होतं. दख्खनमध्ये युरोपातून आलेल्या सरळ पात्यांना आपल्या मुठी बसवून त्यांच्या ‘फिरंग’ तलवारी झाल्या. तेच पातं तिथे आपल्या पद्धतीने चाललं. हात कुणाचा आणि प्रसंग कोणता, यावर पात्याची चाल ठरते.

पैसे न लागणारी एक गोष्ट तुमच्या शहरातच आहे. म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात टालहोफर या जुन्या उस्तादाचं १४६७ चं हस्तलिखित आहे, लेकुश्नरचं मेसर या एकधारी हत्यारावरचं १४८२ चं आहे, आणि पाउलुस हेक्टर मायरने करवून घेतलेले भव्य खंड आहेत. हा मायर वेगळा, शेजारच्या ऑग्सबुर्गचा अधिकारी. जुनी तलवारबाजी विसरली जाईल या काळजीने त्याने हस्तलिखितं जमवली, नवी चित्रं काढून घेतली, आणि त्यासाठी नगराच्या तिजोरीतला पैसा वापरला. १५७९ मध्ये त्याला फाशी झाली. ती पानं इंटरनेटवर मोफत बघता येतात. जर्मन वाचता आलं नाही तरी चित्रांत पावलं बघा, पुढचा पाय कुठला, वजन कशावर, अंगठा कुठे टेकलाय. तुम्ही वर्गात जो डाव शिकलात तो तिथे शोधायला लागलात की शिकणं वेगळ्याच तऱ्हेने सुरू होतं.

पुढच्या वर्गाला जाल तेव्हा एवढं करा. रॅकवरच्या तीन वेगळ्या फेडर एकेक करून घ्या, प्रत्येकीचा तोल बोटावर बघा, काखेला माप लावा, आणि प्रत्येकीने वीस त्सोर्नहाउ करा. कुठली हवी तिथे थांबते आणि कुठली पुढे ओढत नेते ते लिहून ठेवा. हातमोज्यांचं माप मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत घ्या. हे सगळे आकडे मला कळवा, तुमच्या हाताला कुठले हातमोजे बसतील ते त्यावरून सांगते.